वॉशिंग मशीनची घरघर आणि बेअरिंग-सीलचं किट: आधी कान लावा, मग पैसे काढा

फ्रंट लोड मशीनसाठी ‘बेअरिंग किट’ म्हणून जे विकलं जातं त्यात दोन बेअरिंग, एक रबरी सील आणि बहुधा ग्रीसची एक छोटी ट्यूब असते. घेणारा पाकिटावर बेअरिंगचं नाव वाचतो, एसकेएफ आहे की एनबीसी ते बघतो आणि सीलला हातही लावत नाही. हिशेब उलटा आहे. मशीनमधलं बेअरिंग आपल्या मरणाने क्वचित मरतं. सीलची कड झिजते, पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्यांना गंज चढतो आणि मग घरघर सुरू होते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः सीलचं आहे. त्याआधी मात्र मशीनला किट लागतंय तरी का, ते बघावं लागतं.

‘मशीन भलता आवाज करस’ एवढंच फोनवर सांगितलं की मेकॅनिक येतो, मागचं झाकण उघडतो आणि बेअरिंग गेलं म्हणतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण पाय हलके बसलेलं मशीन, पंपात अडकलेलं नाणं आणि मेलेला डँपर (टबचे हेलकावे आवरणारा दांडा) यांचाही आवाजच होतो, आणि यातल्या कशालाही टब उतरवावा लागत नाही.

पहिली परीक्षा रिकाम्या मशीनची. कपडे काढा, फक्त स्पिन लावा, वेग आधी 400, मग 800, मग जास्तीत जास्त. आत गोधडी ठेवून ही परीक्षा करू नका. एकटी गोधडी पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते आणि नवंकोरं मशीनही तिच्यापायी नाचतं. रिकाम्या ड्रममध्ये दळणाच्या गिरणीसारखी घरघर येत असेल आणि वेगाबरोबर चढत चढत कन्नडच्या घाटात चढणाऱ्या एसटीपर्यंत जात असेल, तर बोट बेअरिंगकडे जातं. स्पिन संपताना मोटारचा करंट तुटतो आणि ड्रम आपल्याच ओघाने फिरत राहतो. नुसता विजेचा गुंईं आवाज असेल तर तो तिथेच थांबतो. बेअरिंगची घरघर ड्रम थांबेपर्यंत संपत नाही.

आता प्लग काढा. दार उघडून ड्रमची वरची कड आतून धरा आणि वर उचला. ड्रम आणि बाहेरचा प्लास्टिकचा टब दोन्ही मिळून हलले तर ते स्प्रिंगवर टांगलेले आहेत म्हणून हलतात, त्यात काही वावगं नाही. टब जागेवर राहून नुसता ड्रम खटखट हलला, तर बेअरिंगमध्ये ढिलाई आली आहे. मग ड्रम हाताने हळू फिरवा. चांगला ड्रम लोण्यासारखा फिरतो. बेअरिंग गेलेला ड्रम वाळूत फिरल्यासारखा हाताला जाणवतो. शंका राहिली तर मागचं पत्र्याचं झाकण काढा, पट्टा उतरवा आणि ड्रम व मोटार वेगवेगळे फिरवून बघा. जे कुरकुरतं ते आजारी. तिथेच टबच्या पाठीकडे नीट बघा: मधल्या भागापासून खाली गंजाचा तांबूस ओघळ आलेला असेल तर सील गेलंच, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. पांढऱ्या कपड्यांवर काळे-तपकिरी डाग पडत असतील तर तेही बेअरिंगचं ग्रीस असू शकतं.

बाकीचे आवाज पटकन सांगतो. वेग धरताना धडधड आणि मशीन जागेवरून सरकणं: आधी चारही पाय बघा. आपल्याकडे मशीन बहुधा बाथरूममध्ये किंवा मागच्या धुण्याच्या जागी असतं आणि तिथल्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो. लेव्हलची नळी वर ठेवून पाय फिरवा आणि पायाचा लॉक नट मशीनच्या तळाकडे घट्ट करा. बहुतेक लोक तो नट विसरतात आणि आठवड्याभरात पाय पुन्हा फिरून जातो. चाकांचा स्टँड ही झाडायला सोयीची वस्तू आहे, पण हजार-बाराशे फेऱ्यांच्या फ्रंट लोडखाली तो नसावा. नवं मशीन पहिल्याच दिवशी उड्या मारत असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट, तीन किंवा चार, काढलेत का बघा. काढले की फेकू नका. घर बदलताना ते पुन्हा लावावे लागतात.

पाय ठीक आहेत आणि धडधड आहेच, तर सस्पेन्शन. वरचं झाकण काढून टब हाताने दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबला पाहिजे. दोन-तीन वेळा झुलला तर खालचे डँपर संपलेत. डँपरवर 80, 100, 120 असा आकडा न्यूटनमध्ये छापलेला असतो. नवा डँपर त्याच आकड्याचा घ्या, लांबी जुळली एवढ्यावर भागत नाही. डँपर नेहमी जोडीने बदलतात. टॉप लोडमध्ये याच कामाला चार कोपऱ्यांत चार रॉड असतात, आणि चारही एकदम बदलावे लागतात. एकच नवा लावला तर टब त्या बाजूला उचललेला राहतो आणि स्पिनला पुन्हा आदळतो.

पाणी सोडताना खडखड म्हणजे पंप. खालच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण उघडा, आधी बारीक नळीने पाणी काढा (गरम पाण्याने धुतलं असेल तर थंड होऊ द्या), मग फिल्टर फिरवून बाहेर घ्या. नाणी, सेफ्टी पिन, शर्टाची बटणं, पेनाची टोपणं. फिल्टरच्या भोकातून टॉर्च मारून पंपाचा पंखा बोटाने फिरवा. तो थोडा अडत अडत फिरला तर घाबरू नका, त्यात चुंबक असतो म्हणून तो तसाच फिरतो. ड्रम फिरताना पत्र्यावर नख ओढल्यासारखा किर्र आवाज म्हणजे ड्रम आणि टबच्या मध्ये काहीतरी पडलंय, बहुतेक वेळा ब्राची तार. बऱ्याच मॉडेलमध्ये हीटर बाहेर काढला की त्याच खाचेतून ती चिमट्याने निघते. पट्ट्याची चीं वेगळीच असते आणि सुरुवातीलाच येते. पट्ट्यावर ‘1270 जे5’ असं काही छापलेलं असतं: 1270 मिलिमीटर लांबी, जे जातीच्या पाच धारा. त्याच आकड्याचा आणा.

पाणी भरताना गुणगुण येणं म्हणजे नळाच्या पाइपच्या तोंडाची बारीक जाळी तुंबलेली असते. दिवसाआड किंवा त्याहून उशिरा नळ येणाऱ्या गावांत टाकीच्या तळाचा गाळ त्या जाळीत बसतो. पक्कडीने ओढून काढा, जुन्या टूथब्रशने घासा, काम झालं.

एक आवाज मात्र बेअरिंगचा समजून लोक फसतात. ड्रम हळू फिरताना प्रत्येक फेरीला एकदाच ‘ठक्’. तो स्पायडरचा असतो. ड्रमच्या पाठीला तीन पायांचा ॲल्युमिनियमचा ओतीव भाग असतो आणि त्याच्यातच मधला शाफ्ट बसवलेला असतो, तो स्पायडर. डिटर्जंटचा चिखल त्याच्या खाचांत साचतो आणि ॲल्युमिनियम खातो. एक पाय तडकला की ड्रम डगमगतो. अशा मशीनमध्ये कितीही चांगलं किट घातलं तरी पैसे पाण्यात.

एवढं सगळं करून बोट बेअरिंगवरच राहिलं, तरी किट मागवण्याआधी एक गोष्ट बघाच. वरचं झाकण काढून टबचा जोड शोधा. दोन अर्धे टब भोवतीने स्क्रूने किंवा क्लिपांनी जोडलेले दिसले, तर किटचा उपयोग आहे. नुसती प्लास्टिकची सलग कड दिसली आणि एकही स्क्रू नाही, तर तो टब कारखान्यातच वितळवून जोडलेला आहे, आणि आजच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो तसाच असतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मग सगळा टबच बदलतात. बाहेरचे कसबी कारागीर तो जोड बारीक करवतीने कापतात, काम झालं की भोवतीने भोकं पाडून स्क्रू आणि सिलिकॉनने बंद करतात. ते चालतं, पण त्यात सराव लागतो. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने अशा वितळवून जोडलेल्या टबच्या भानगडीत पडू नये. विकणाऱ्याच्या यादीत ‘या मॉडेलला बसेल’ असं लिहिलेलं असतं. टब उघडतो का, ते त्यात नसतं.

किट तीन प्रकारचं

पहिलं कंपनीच्या भागक्रमांकाचं. सर्वांत महाग. सील हमखास बरोबर मापाचं, रबर ताजं, ग्रीसही योग्य. बेअरिंग मात्र बहुधा तीच असतात जी तुम्हाला बाहेर मिळतील. मशीन पाच-सहा वर्षांचं आणि बाकी सगळं ठणठणीत असेल तर हे घ्यायला हरकत नाही. अडचण एवढीच की जळगाव, धुळे, नंदुरबारला हे काउंटरवर ठेवलेलं क्वचित सापडतं. मागवावं लागतं आणि तोवर कपडे हाताने.

दुसरं म्हणजे ऑनलाइन मिळणारं बिननावाचं किट. पाकीट छान, किंमत निम्म्याहून कमी, फोटोत बेअरिंग चमकतं. यातली बेअरिंग फिरवून बघितली तर काही बरी निघतात, पण सील हा लॉटरीचा मामला. रबर कडक, आतली बारीक स्प्रिंग सैल, कधी कडेला साच्याची भुरभुर तशीच राहिलेली. आणि ट्यूबमध्ये जे ग्रीस येतं ते कधी कधी सायकलच्या दुकानातलं वाटावं असं. सहा महिन्यांत पुन्हा सगळं उतरवायचं असेल तरच हे घ्या. मशीन विकायला काढलंय म्हणून आवाज बंद करणारेही असतात, पण ते वेगळं प्रकरण.

तिसरा रस्ता खानदेशच्या माणसाला सोपा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचाही: किट घ्यायचंच नाही. बेअरिंग गावातून आणि सील मॉडेल नंबर देऊन वेगळं. शेताची मोटार, डाळ मिल, जिनिंग या सगळ्यांना बेअरिंग लागतं, त्यामुळे जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर अशा ठिकाणी बेअरिंगची दुकानं वर्षानुवर्षांची आहेत. वॉशिंग मशीनमधली 6204, 6205, 6206, 6305, 6306 ही काही खास मापं नाहीत, मोटार रिवाइंडिंगवाला ती रोज वापरतो. मशीनचं नाव काढायचीच गरज नाही, नंबर सांगा आणि घ्या.

नंबर वाचणं अवघड नाही. शेवटचे दोन आकडे पाचने गुणा की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये निघतं: 05 म्हणजे 25, 06 म्हणजे 30. (04 पासून पुढे हा हिशेब चालतो. 03 चं भोक 17 आहे, तिथे तो लागू नाही.) 6205 चं पूर्ण माप 25×52×15 आणि 6206 चं 30×62×16. 6305 चं भोक 25 च, पण बाहेरून 62 आणि जाडी 17, म्हणजे त्याच शाफ्टला जास्त दणकट बेअरिंग. जुन्या बेअरिंगवरचा नंबर गंजाने खाल्ला असेल तर व्हर्नियरने ही तीन मापं घ्या, नंबर दुकानदार सांगेल. बहुतेक मशीनमध्ये ड्रमकडचं बेअरिंग मोठं आणि पुलीकडचं लहान असतं.

नंबरपुढची अक्षरं विसरू नका, दुकानात चूक तिथेच होते. ‘2आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंनी रबराची झाकणं. ‘झेडझेड’ किंवा ‘2झेड’ म्हणजे पत्र्याची. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, ओल नाही. शेतीच्या मोटारीत झेडझेड चालतं म्हणून दुकानदार तेच पुढे करतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही, त्याला मशीन माहीत नसतं. तुम्ही 2आरएसच मागा. ‘सी3’ असेल तर उत्तम: बेअरिंग घट्ट जागेत दाबून बसवल्यावर आतली मोकळीक कमी होते, सी3 मध्ये ती मुळातच थोडी जास्त ठेवलेली असते. एसकेएफ, एफएजी, जयपूरची एनबीसी, यांपैकी खरं असलेलं कोणतंही घ्या, या कामात फरक पडत नाही. ‘खरं असलेलं’ हे महत्त्वाचं, कारण नकली माल भरपूर आहे. कोरलेली अक्षरं पुसट किंवा वाकडी, खोक्यावरची छपाई फिकी, आणि भाव ऐकून आनंद व्हावा असा असेल तर ठेवून द्या. एसकेएफचं पाकीट त्यांच्या ‘ऑथेंटिकेट’ ॲपवर फोटो टाकून तपासता येतं.

सील, जिथे खरी मेख आहे

बेअरिंगवाल्याकडे ऑइल सीलही असतात आणि तो मापाच्या जवळचं काढून देईल. घेऊ नका. वॉशिंग मशीनच्या सीलवर ‘37×66×9.5/12’ असं काही लिहिलेलं असतं. आतलं माप 37, बाहेरचं 66, आणि शेवटच्या दोन आकड्यांत सीलच्या अंगाची जाडी व कडेसकट एकूण उंची. काही कंपन्यांची मापं तर 65.55 अशी शेंड्या लावलेली असतात. अशी मापं साध्या ऑइल सीलच्या तक्त्यात सापडत नाहीत. शिवाय साधं सील तेल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेलं असतं, इथे साबणाचं गरम पाणी आत येऊ द्यायचं नाही. म्हणून मशीनच्या सीलला ड्रमच्या बाजूला जास्तीची कड असते, जी पाणी आणि साबणाचा गाळ दूर ठेवते.

हातात आल्यावर सीलची परीक्षा अशी. कड बोटाने मुडपा. मऊ असली पाहिजे, सोडल्याबरोबर परत सरळ झाली पाहिजे. नखाने दाबल्यावर खळगा राहत असेल किंवा मुडपल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर ते जुनं पडलेलं रबर आहे. भुसावळ-जळगावचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या छपराखाली दोन-तीन उन्हाळे काढलेलं रबर पाकिटात असूनही म्हातारं होतं. आतली बारीक गोल स्प्रिंग असेल तर ती खाचेत पूर्ण बसलेली हवी.

सील नवं आणि चांगलं असूनही गळतं तेव्हा दोष शाफ्टचा असतो. सीलची कड शाफ्टवरच्या ज्या पितळी किंवा स्टीलच्या बांगडीवर फिरते, तिथे बोअरच्या जड पाण्याचे क्षार बसतात. ते कड खातात आणि कडेखाली बांगडीवरही चर पडतो. जुनं सील काढल्यावर त्या जागेवर नख आडवं फिरवा. नख अडलं तर नवं सील महिन्या-दोन महिन्यांत गळणार. फक्त क्षार असतील तर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा, मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल फिरवून घासा, आडवं नाही. चर असेल तर स्पायडर शाफ्टसकट बदला. इथे कंजुषी महागात पडते.

बसवताना

वेळ अर्धा दिवस धरा, पहिल्यांदा करत असाल तर पूर्ण. लागणारं सामान: सॉकेट सेट, टॉर्क्स बिट्स, रबरी हातोडा, लाकडाचा ठोकळा, पितळी किंवा मऊ लोखंडाचा ड्रिफ्ट (ठोकून भाग बाहेर काढायची कांडी), धागालॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) आणि मोबाइल. मोबाइल फोटोसाठी, प्रत्येक वायर काढण्याआधी एक.

प्लग काढून थोडं थांबा. इन्व्हर्टर मशीनच्या बोर्डावरचे कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात. पुढचं आणि वरचं वजन काँक्रीटचं असतं, एकट्याने टब उचलायचा असेल तर ते आधी सोडवा. पट्ट्याशिवायच्या मॉडेलमध्ये मागच्या चकतीत चुंबक असतात आणि ते बोटं चिमटतात. पुलीचा बोल्ट सुटला की पुली ओढा, मग तोच बोल्ट शाफ्टमध्ये निम्म्यापर्यंत परत लावा आणि त्यावर लाकूड ठेवून हातोडा मारा. उघड्या शाफ्टवर मारलेल्या हातोड्याने त्याचे आटे चेपतात आणि मग अख्खा स्पायडर घ्यावा लागतो.

जुनं सील पेचकसाने उपटा. बेअरिंग बाहेर काढताना ड्रिफ्ट आतल्या कडीवर लावा आणि एकाच जागी न मारता समोरासमोर मारत जा, म्हणजे ते तिरकं अडकत नाही. गंजाने बाहेरची कडी टबातच राहिली तर वेल्डिंगवाल्याकडून तिच्या आतल्या बाजूला एक बारीक ओळ मारून घेता येते, लोखंड आकसतं आणि कडी निघते. मात्र ही युक्ती बेअरिंगचं घर, म्हणजे ते बसतं ती जागा, ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी असेल तरच, प्लास्टिकजवळ ठिणगीचं नाव नाही.

बेअरिंगचं घर पुसा, गंजाचा कण राहू देऊ नका. नवी बेअरिंग पिशवीत बांधून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवली की थोडी आकसतात आणि सरळ बसतात. ठोकायचं ते फक्त बाहेरच्या कडीवर, तेवढ्याच व्यासाचं सॉकेट किंवा जुनं बेअरिंग मध्ये धरून. आतल्या कडीवर मारलेला एक घाव गोळ्यांचे खड्डे उमटवतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. मग लोक म्हणतात माल नकली निघाला. बेअरिंग तळाला टेकलं की हातोड्याचा आवाज बदलतो, बद्द वरून टणक होतो. तिथे थांबा.

सीलच्या कडांमध्ये आणि बेअरिंगच्या तोंडावर पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरा, तेच जे कंपनीच्या किटमध्ये येतं किंवा मशीनच्या सीलसाठी वेगळं मिळतं. चाकाचं साधं ग्रीस डिटर्जंट धुऊन नेतं. टबच्या दोन अर्ध्यांमधली गोल रबरी दोरी जुनीच लावू नका, ती चपटी झालेली असते. पुलीच्या बोल्टला धागालॉक लावा. हा बोल्ट सैल झाला की पुन्हा ठकठक, आणि लोक पुन्हा बेअरिंगला दोष देतात.

पहिली चाचणी कपड्यांविना आणि मागचं झाकण उघडं ठेवून: नुसतं पाणी भरा, अर्धा तास तसंच राहू द्या, टबच्या पाठीला मध्यभागी थेंबही दिसता कामा नये. पाणी काढा, झाकण लावा, मगच स्पिन.

टॉप लोडवाल्यांना हे किट लागत नाही. तिथे स्पिनची घरघर क्लचच्या तयार संचातून येते आणि तो संचच बदलतात. धुताना टकटक येत असेल तर आधी पल्सेटरचा (तळाशी फिरणाऱ्या चकतीचा) मधला स्क्रू काढून तो उचला. खाली नाणं किंवा झिजलेले दाते सापडतात, आणि पल्सेटर ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती. सेमी ऑटोमॅटिकमध्ये स्पिनच्या डब्याची घासण बहुधा ब्रेकची असते: झाकण लावल्यावर ब्रेकची तार शू पूर्ण सोडत नाही. तार एक-दोन घर आवळली की घासण जाते. स्पिनच्या शाफ्टभोवतीचं रबर फाटलं तर पाणी थेट खालच्या मोटारीवर पडतं, ते मात्र आवाज येण्याची वाट न बघता बदला. मोटार नुसती हुंकारते आणि फिरत नाही, हा कपॅसिटरचा किंवा संध्याकाळच्या कमी व्होल्टेजचा प्रकार. कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा आणा. आणि खालून उघड्या मशीनला जाळी लावा, उंदीर वायर खातात तसे आत घरही करतात.

सील जास्त दिवस टिकवायचं असेल तर पाण्याकडे बघावं लागतं. बोअरच्या पाण्यावर मशीन चालत असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून 60 अंशांवर फिरवा. दर आठवड्याला नको, आम्ल स्पायडरच्या ॲल्युमिनियमलाही लागतं. त्याच धुण्यात ब्लीच कधीच टाकू नका, विषारी वायू निघतो. शेतातले कपडे काळ्या मातीसकट आत घालण्याआधी झटका किंवा एकदा साध्या पाण्यातून काढा, ती माती सीलच्या कडेवर पॉलिश पेपरचं काम करते. पावडर डब्यावरच्या मापापेक्षा जास्त घातली की फेस होतो, फेसात कपडे गोळा होतात, तोल जातो, आणि तो फेस मागे शाफ्टपर्यंत चढतो.

हे काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर फोनवरच तीन प्रश्न विचारा. टब उघडणार की बदलणार? सील कुठलं लावणार, आणि जुने भाग परत देणार का? आमच्याकडे असेल ते लावू, असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. ‘मोटारवर दहा वर्षांची वॉरंटी’ या स्टिकरवर विसंबू नका. ती मोटारची असते, बेअरिंग-सील त्यात सहसा येत नाही. आणि भाग व मजुरी मिळून आकडा नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्शावर जात असेल, त्यात स्पायडरही खाल्लेला असेल आणि मशीनला दहा वर्षं झाली असतील, तर मी किटची शिफारस करणार नाही.

बसवून झाल्यावर पंधरा दिवसांनी मागचं झाकण एकदा उघडून टॉर्च मारा. टबच्या मध्यापासून खाली नवा तांबूस ओघळ दिसला, तर सील तिरकं बसलंय किंवा शाफ्टवर चर आहे. बेअरिंग अजून वाचवता येतं, पण महिनाभर थांबलात तर नाही.